आजीचा कॅटलॉग

क्लायंट मिटिंगला बारा मिनिटं बाकी होती आणि माझ्या शर्टाचं वरून चौथं बटण टप्पकन तुटून कॉन्फरन्स रूमच्या कार्पेटवर घरंगळलं. चौथं, म्हणजे बरोब्बर पोटावरचं! टायखाली लपवावं तर टाय नाही. लॅपटॉप छातीशी धरून उभं राहावं, तर स्लाइड्स कोण दाखवणार? टीममध्ये एकदम इमर्जन्सी. एकीने पर्स पालथी घालून सेफ्टी पिन शोधायला घेतली. एकाने स्टेपलर पुढे केला. (हा गडी इंजिनिअरिंगचा गोल्ड मेडलिस्ट आहे, जाता जाता सांगून ठेवतो.)

मी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून एक चपटी पत्र्याची डबी काढली, वॉशरूम गाठली, शर्ट उतरवला, सुई ओवली आणि पाच मिनिटांत बटण लावून बाहेर आलो. साधंसुधं नाही, मान असलेलं बटण. म्हणजे टाके घालून झाले की बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे. मग बटण कापडाला चिकटून बसत नाही, काजातून सहज जातं आणि ओढ बसली तरी टिकतं. माझी आजी त्याला बटणाची मान म्हणायची. रेडिमेड शर्टाच्या बटणांना मान नसते. त्यामुळे नवा शर्ट घरात आला की आजी आधी त्याची सगळी बटणं कापून काढायची आणि पुन्हा लावायची. शर्ट कितीचा आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं.

मिटिंग बरी झाली. पण संध्याकाळी चहाच्या मशीनपाशी चर्चा डीलची नव्हती, बटणाची होती.

‘कुणी शिकवलं रे तुला?’

‘आजीने.’

‘सो स्वीट!’

झालं. विषय संपला. आजी म्हटलं की आपल्या पिढीचा हा ठरलेला रिप्लाय आहे. सो स्वीट! नऊवारी, गोल चष्मा, बेसनाचे लाडू आणि राजाराणीच्या गोष्टी. पण मंडळी, माझी आजी अजिबात स्वीट नव्हती. लाडू तर तिला बांधताच यायचे नाहीत, त्यांचे शेवटी चमच्याने खायचे चुरमुरे व्हायचे. ती हाडाची शिक्षिका होती. लग्नपत्रिका घरात आली की आधी लाल पेन्सिलीने तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणार आणि मगच तारीख वाचणार. आमच्या गल्लीतल्या टेलरने ‘शिवुन मिळेल’ अशी पाटी लावली होती. आजीने त्याला स्वखर्चाने रंगाची डबी आणून दिली आणि समोर उभं राहून ‘वु’चा ‘वू’ करून घेतला. त्याने केला. कारण तोही तिचाच विद्यार्थी निघाला.

तिचा जन्म १९३८चा, सातारा जिल्ह्यातला. सातवीची फायनल, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग, मग लग्न आणि लालबागच्या चाळीतली एक खोली. आजोबा गिरणीत. आजी महापालिकेच्या मराठी शाळेत. लग्नात तिने माहेरून काय आणलं, तर एक पायमशीन. दागिने जेमतेम होते, पण मशीन मात्र हवंच, असं तिने वडिलांना सांगितलं होतं म्हणे.

ते मशीन पुढे कसं उपयोगी पडलं, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आपल्यासाठी हा चॅनेलवरच्या डॉक्युमेंटरीचा विषय. आमच्या घरासाठी तो रोजचा प्रश्न होता. आजोबा घरी बसले. घर आजीच्या पगारावर आणि मशीनवर चाललं. दिवसा शाळा, रात्री परकर, झबली आणि मुलांचे युनिफॉर्म. आजी याबद्दल इतकंच सांगायची, ‘तेव्हा रात्री जरा जास्त शिवायचे.’ बस. एवढंच. आणि लगेच बाहेर बोट दाखवून, ‘तो बघ तांबट.’

हा तिचा दुसरा नाद. झाडं, पाखरं, किडे, फुलं. लालबागच्या चाळीत कसली आलीय झाडं? पण गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यात तुळस होती, सांडपाण्याच्या पाइपातून उगवलेला पिंपळ होता आणि वर्गातल्या पोरांना न्यायला राणीचा बाग होता. तिथला गोरखचिंचेचा बुंधा मोजायला ती मुलांना हात धरून गोल उभं करायची. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जायचं ते सगळ्यात शेवटी, आणि वेळ उरला तर. पोरं वैतागायची. पण हीच पोरं पन्नाशीत आल्यावर तिला रस्त्यात गाठून सांगायची, ‘बाई, तो गोरखचिंचेचा घेर अजून आठवतो.’

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आजोबांच्या हिशेबाचे पैसे, चाळीतल्या खोलीची पागडी आणि आजीचं कर्ज असं सगळं मिळून बोरिवली पूर्वेला एक वन रूम किचन झालं. नातेवाईक म्हणाले, कुठे जंगलात जाताय? आजी म्हणाली, ‘तेच तर.’ खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसायचे. तिथून शाळेत जायला रोज लोकल, गर्दी, दीड तास. १९९६ला रिटायर होईपर्यंत तिने ते केलं. त्या खिडकीसाठी केलं, असं मला वाटतं.

माझ्या वाट्याला आली ती या खिडकीतली आजी.

तिची शिकवण्याची पद्धत म्हणजे दोन शब्द. पहिला, ‘बघ.’ मी म्हणायचो, आजी, पक्षी! ती म्हणायची, ‘तो मलाही दिसला. रंग काय? शेपूट वर की खाली? चोच काय करतेय? बघ.’ नाव ती कधीच पटकन सांगायची नाही. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो, असं तिचं म्हणणं. दयाळचं नाव मला तीन आठवड्यांनी कळलं. तोपर्यंत तो कुठल्या वायरवर बसतो, किती वाजता गातो आणि कुणाशी भांडतो, हे सगळं पाठ झालं होतं.

दुसरा शब्द, ‘उसव.’

चौथीतली मे महिन्याची सुट्टी. बाकीची पोरं खाली क्रिकेट खेळताहेत आणि मी पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर निळ्या दोऱ्याने धावदोरा घालतोय. इंचाला आठ टाके, सगळे सारखे. आजी फूटपट्टी ठेवून मोजायची. सात भरले? ‘उसव.’ नऊ भरले? ‘उसव.’ एकदा मी रडत म्हणालो, मुलं कुठे शिवतात? त्यावर तिने आमच्या गल्लीतल्या टेलरचं, त्याच्या वडिलांचं आणि मशिदीजवळच्या रफूवाल्या चाचांचं नाव घेतलं आणि म्हणाली, ‘हे कोण आहेत मग? उसव.’ त्या सुट्टीत मला धावदोरा, हेम, काज आणि बटण अशा चार गोष्टी आल्या. बॅटिंग मात्र आजतागायत आलेली नाही.

गंमत म्हणजे माझे बाबा सुईला हात लावत नसत. साधं बटण तुटलं तरी शर्ट पिशवीत घालून कोपऱ्यावर टेलरकडे. आजी मला शिकवत बसली की ते उठून आतल्या खोलीत जायचे. आजी त्यांना कधी काही बोलायची नाही. मला वाटायचं, बाबांना बोअर होतं.

आता मुद्द्यावर येतो. कारवी.

नॅशनल पार्कात कधी पावसाळ्यात गेला असाल तर तुम्ही कारवी पाहिलेली आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. डोंगरउतारावर पुरुषभर उंचीची, खरखरीत पानांची दाट झुडपं. आदिवासी तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात, वरून शेणमातीने लिंपतात. दिसायला काही खास नाही. सात वर्षं नुसती पानं. आठव्या वर्षी पावसाळा उतरायला लागला की सगळी झुडपं एकदम फुलतात. निळी-जांभळी. अख्खा उतार. आणि मग मरतात. बोंडं वाळून तशीच झाडावर राहतात आणि पुढच्या पावसाच्या पाण्याने फटाफट फुटून बी उडवतात. मुंबईच्या डोंगरांतली कारवी २००८मध्ये फुलली, मग २०१६मध्ये, मग २०२४मध्ये. (माझी एक कलीग २०१८ला नीलकुरिंजीसाठी मुन्नारचं बुकिंग करून बसली होती. ती बारा वर्षांनी फुलते. केरळात पूर आला आणि बुकिंग गेलं. ती राहते कुठे? मुलुंडला. नॅशनल पार्कच्या दुसऱ्या अंगाला!)

सप्टेंबर २००८. मी बारावीत. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, घरात टीव्हीचं केबल काढलेलं. असल्या वातावरणात एका गुरुवारी सकाळी आजी माझ्या उशाशी येऊन म्हणाली, ‘आज क्लासला दांडी.’ मी उडालोच. चाळीस वर्षांची शिक्षिका, बारावीच्या नातवाला, दांडी मार म्हणते? म्हणाली, ‘क्लास उद्याही आहे.’

बसने कान्हेरीपर्यंत गेलो. पुढे लेण्यांच्या पायऱ्या चढून, मागच्या उताराच्या बाजूला. आजी तेव्हा सत्तरची. पाचवारीचा पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला तिनेच शिवलेली तुकड्या-तुकड्यांची झोळी. वळणावर ती थांबली आणि म्हणाली, ‘आता डोळे मिट.’ मला वाटलं सरप्राइज. मिटले. ‘काय ऐकू येतंय?’ आधी काहीच नाही. मग हळूहळू एक आवाज. लांबून ट्रान्सफॉर्मर गुणगुणावा तसा, पण सगळीकडून. मधमाश्या. हजारो असतील. डोळे उघडले तर समोरचा सगळा उतार निळा-जांभळा, आणि तो आवाज.

आम्ही तिथे दोन तास बसलो. पोळी-भाजी खाल्ली. उतरताना ती म्हणाली, ‘पुढच्या खेपेला मी अठ्ठ्याहत्तरची असेन. हात धरावा लागेल.’

‘धरीन की,’ मी म्हणालो. सतरा वर्षांचा माणूस आणखी काय म्हणणार?

२०१६ उजाडलं. मी पंचविशीत, नोकरी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. नोकरी लागल्यावर पत्ता सांगितला तेव्हा आजीने विचारलं होतं, ‘म्हणजे कुठल्या गिरणीत?’ मी म्हटलं, आजी, तिथे आता गिरणी नाहीये. ‘हो रे, पण कुठल्या?’ मला सांगता आलं नाही. त्याच दिवशी तिने मला ती पत्र्याची डबी दिली. दोन सुया, काळा-पांढरा दोरा, सहा बटणं.

ऑगस्टच्या शेवटी बातमी आली, कारवी फुलतेय. आजीचे गुडघे गेले होते. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायची. पण बूट पुसून दाराशी ठेवलेले. मी म्हटलं, गणपतीनंतर जाऊ. गणपती झाले. १८ सप्टेंबरच्या रविवारी खरंच रिलीज होतं, ऑफिसला जावं लागलं. आजी म्हणाली, ‘काम आधी.’ मग २५ तारीख ठरली. सकाळी सातला रिक्षा गेटपर्यंत, पुढे बस, पायऱ्यांपाशी मी हात धरायचा. सगळं ठरलं.

शनिवारी रात्री एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर पार्टी होती. अंधेरीला. पहाटे चारला झोपलो, तिथेच सोफ्यावर. साडेसातला फोन वाजला. आजीचा. मी कूस बदलली आणि म्हणालो, ‘आजी, अगं ऑफिसचं काम आलंय. रात्रीपासून ऑफिसातच आहे.’

पलीकडे एक सेकंद शांतता. मग, ‘बरं. काही खाल्लंस का?’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता डायरेक्ट छापूनच येतंय, तर असो.

त्यानंतरच्या रविवारी पाऊस. मग फुलं संपली. मी गिल्टी वाटून नेटवरचे झकास फोटो शोधले, एकदम हाय रिझोल्यूशन, आणि टॅबवर आजीला दाखवले. तिने चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला. ‘छान काढलेत,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘माश्या ऐकू येत नाहीत रे यात.’

२०२१च्या जानेवारीत आजी गेली. झोपेत. त्र्याऐंशी पुरी व्हायला थोडे महिने बाकी होते. निरोपाला भाजीवाला होता, टेलर होता, दोन रिटायर्ड हेडमास्तर होते आणि एक पोलीस इन्स्पेक्टर होता, जो ‘बाई’ एवढंच म्हणून कोपऱ्यात उभा राहिला. मी मास्कमध्ये रडलो. मास्कचा तेवढा एक उपयोग.

२०२३मध्ये आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तुमच्यापैकी अनेकांची गेली असेल, तेव्हा सीन सांगायला नको. बॉक्स, टेप, माळ्यावरून निघणारी पितळी भांडी आणि ‘हे टाकायचं की ठेवायचं’ यावरून भांडणं. मशीनवरून तर झालंच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. भंगारवाल्याने दरवाजातूनच भाव सांगितला, लोखंडाचा. मी आणि आई ठेवायच्या बाजूने. आणि बाबा, जे त्या मशीनच्या जवळपास फिरकत नसत, ते भंगारवाल्यावर इतक्या जोरात ओरडले की तो जिना उतरून गेलाच. मशीन आता भाड्याच्या घरात बाबांच्या पलंगाशेजारी आहे. त्यावर ते चष्मा आणि गोळ्या ठेवतात.

मशीनच्या लाकडी खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांखाली, मला ते तीन कॅटलॉग मिळाले.

कॅटलॉग म्हणजे शाळेतलं हजेरीपत्रक. तुमच्याही बाई ‘कॅटलॉग आण रे’ म्हणत असतील. शाळेने रद्दीत काढलेली ही कोरी हजेरीपत्रकं आजीने रिटायर होताना मागून घेतली होती. त्यांना निळ्या युनिफॉर्मच्या कापडाची कव्हरं शिवली होती, इंचाला आठ टाके. आणि आत, जिथे मुलांची नावं लिहायची, तिथे झाडा-पाखरांची नावं होती. काटेसावर. पांगारा. बहावा. ताम्हण. तांबट. दयाळ. नवरंग. पुढे तारखांचे रकाने, आणि शेवटी शेरा. पंचवीस वर्षं तिने रोज सकाळी खिडकीशी बसून हजेरी घेतली होती.

मी त्या पसाऱ्यात खाली बसून वाचतच सुटलो. ‘बहावा: उशिरा हजर. मागल्या वर्षीपेक्षा पंधरा दिवस.’ ‘कावळा: हुशार, पण वर्गात गोंधळ.’ ‘कोकीळ: आवाज उत्तम. जबाबदारी शून्य.’ ‘नवरंग: हजर. नाल्यापलीकडे. फक्त आवाज ऐकला, तरी हजेरी धरली.’ ‘गव्हाणी घुबड: गैरहजर. कारण फटाके.’ मे महिन्यातल्या एका पानावर नुसतंच, ‘समोरची चिंच तोडली. नाव कमी केले.’

पहिल्या पानावर, तिच्या टपोऱ्या अक्षरात, हजेरीचे नियम. खाडाखोड करू नये. चूक झाल्यास चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारावी, वर बरोबर लिहावे, बाजूला सही करावी. मूळ शब्द वाचता आला पाहिजे.

तिसऱ्या कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवर ‘घरची मंडळी’ असा वेगळा वर्ग होता. तिच्यासोबत पार्कात कोण आलं, त्याची हजेरी. आईच्या नावापुढे बरेच ‘हजर’. माझ्या नावापुढे लहानपणी ओळीने ‘हजर’, मग विरळ होत गेलेले. २००८च्या सप्टेंबरात ‘हजर’ आणि शेऱ्यात ‘क्लास बुडवून!’ असं उद्गारचिन्हासकट. बाबांच्या नावापुढे एकजात ‘गैरहजर’. कारणाचा रकाना मात्र कोराच. वर्षानुवर्षं कोरा.

आणि मग, २५ सप्टेंबर २०१६, रविवार.

‘कारवी: हजर (ऐकीव).’

‘नातू: गैरहजर. सकारण. ऑफिसचे काम.’

मी कॅटलॉग मिटला आणि बॉक्समध्ये सगळ्यात खाली घातला. वर पुस्तकं रचली. वर्षभर तो बॉक्स उघडला नाही.

२०२४ला पुन्हा कारवी फुलली. इन्स्टावर रील्सचा पूर आला. मी ठरवलं, या वेळी जायचं, एकट्याने, गुपचूप. २२ सप्टेंबर, रविवार. सकाळी साडेसहाला बूट घालत होतो तर मागून बाबा आले. पँट, शर्ट, टोपी, पाण्याची बाटली. रिटायर झाल्यापासून हा माणूस नऊशिवाय उठत नाही.

‘मी येतो.’

‘बाबा, चालावं लागेल.’

‘माहितीये.’

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बाहेर धुकं, काचेवर थेंब. आम्हा दोघांमध्ये बोलणं म्हणजे साधारण मॅचचा स्कोअर आणि मेन्टेनन्सचं बिल. तुळशी तलावाकडचा फाटा मागे पडला आणि बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘काजं मी करायचो.’

मला आधी कळलंच नाही.

‘संपाच्या वेळी. आई शर्ट शिवायची आणि काजं मी करायचो. हाताने. एका शर्टाला सहा. कॉलेजला होतो, सेकंड इयरला. दार लावून करायचो, मित्रांना दिसू नये म्हणून. एकदा एक जण आलाच. मी शर्ट गादीखाली टाकला तर सुई हातात घुसली. आईने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने मला काही सांगितलं नाही, काजंही तीच करायला लागली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. मी जागा असायचो. झोपेचं सोंग करून मशीनचा आवाज ऐकत पडायचो.’

बस थांबली. लोक उतरायला लागले. बाबा म्हणाले, ‘नंतर ती इकडे फिरायला बोलवायची तेव्हाही वाटायचं, जाऊ एकदा, बोलू. मग राहिलंच.’

पायऱ्यांवर त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. मी हात पुढे केला, त्यांनी धरला. आम्ही हात कधी धरला होता याआधी, मला आठवत नाही. बहुतेक रस्ता ओलांडताना, मी पाच वर्षांचा असताना. मागच्या उताराच्या वळणावर मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, बाबा, डोळे मिटा. त्यांनी ‘काय पोरकटपणा’ असा चेहरा केला. पण मिटले.

खाली एक ग्रुप सेल्फी काढत होता, कुणाच्या तरी फोनवर गाणं लागलं होतं. ते थांबायला जरा वेळ लागला. मग बाबांच्या चेहऱ्यावर मला कळलं, त्यांना आवाज आला. ते बराच वेळ डोळे उघडेनात.

घरी आल्यावर आंघोळीच्याही आधी मी बॉक्स उपसला. बाबांनी मशीनवरचा चष्मा आणि गोळ्या बाजूला केल्या. मी कॅटलॉग त्यावर ठेवला, नवीन तारीख घातली. कारवी: हजर. मुलगा: हजर. नातू: हजर. बाबांनी पानं मागे उलटली. आपल्या नावापुढचे ते सगळे कोरे रकाने बोटाने चाचपत राहिले. मग २०१६च्या पानावर थांबले आणि वाचून म्हणाले, ‘त्या दिवशी तू ऑफिसात होतास का खरंच? मला वाटत होतं अंधेरीला…’

मी पेन घेतलं. ‘ऑफिसचे काम’ यावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘झोपला होता.’ मग ‘सकारण’वर रेघ मारली आणि लिहिलं, ‘विनाकारण.’ बाजूला सही केली. आजीचे मूळ शब्द खाली स्पष्ट वाचता येत होते.

बाबांनी चष्मा लावून पान जवळ धरलं.

‘सही वाचता येत नाहीये,’ म्हणाले. ‘नीट कर.’